नक्षी नाही, मग घडणावळ कसली?

उत्तरवारा

नमस्कार मंडळी. नऊ वर्षं झाली, कोपनहेगनजवळ राहतो आम्ही. मागच्या महिन्यात लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्याने जुन्या वस्तूंच्या दुकानातून चांदीचा एक छोटा जग आणला. कॉफीबरोबर दूध द्यायचा असतो तसा. जेमतेम माझ्या मुठीएवढा. पोट फुगीर, मान जवळजवळ नाहीच, आणि काठ एका बाजूला जरासा बाहेर वळलाय, तीच चोच. अंगावर रेघ म्हणून नाही. वेल नाही, मोर नाही, काठाला साधा गोफही नाही. तळाशी ९२५ चा आकडा आणि करणाऱ्याचा बारीक ठसा, बस.

सासूबाई सध्या इथे आल्या आहेत. त्यांनी जग तळहातावर तोलला आणि विचारलं, "किती भार?" काट्यावर १६८ ग्रॅम भरला. "म्हणजे पावणेसतरा भार." मग किंमत विचारली, आणि नवऱ्याने ती खरी सांगितली. (इथेच चुकलं.) चांदीच्या भावाच्या जवळपास तिप्पट पडली होती. दोन मिनिटं शांतता. मग त्या म्हणाल्या, "अगं पण नक्षी नाही, मग घडणावळ कसली लावली त्याने?"

मला उत्तर देता आलं नाही. इथल्या संग्रहालयात अशी सपाट, गुळगुळीत भांडी काचेआड मांडलेली बघितली आहेत, आवडतातही. पण का आवडतात आणि इतकी महाग का, ते सांगता येत नाही. जाणकारांनी मदत करा. शिवाय अशी भांडी कोणी रोज वापरतं का?

खवट_काका

सासूबाईंना साष्टांग नमस्कार. प्रश्न बिनतोड आहे. धागा इथेच बंद करावा.

वाटीचमचा

आमच्याकडे रुप्याचं ताट-वाटी वर्षातून दोनदा निघतं, पाडव्याला आणि जावयाला. रोज वापरायचं म्हटलं तर घासणार कोण, हा पहिला प्रश्न. बाकी जगाचा फोटो टाका की.

मठारकर

आमच्या घरात तांब्याचं काम, आजोबांपर्यंत तरी नक्की. मी स्वतः नोकरीत गेलो, पण लहानपणी भाता मारलाय. थोडं सविस्तर लिहितो.

असं भांडं गोल पत्र्यातून उठवतात. पत्र्यावर आधी आतून बाहेर वर्तुळं आखून घ्यायची. मग लोखंडी खुंटावर पत्रा तिरका धरायचा आणि एकेका वर्तुळावरून ठोकत ठोकत कडा वर आणायची. पत्रा कापून जोडायचा नाही, आहे तोच आक्रसत न्यायचा. एक फेरी झाली की धातू ताठ होतो. तसाच ठोकत राहिलात तर काठाला चीर जाते आणि आठवड्याची मेहनत आटणीला जाते. म्हणून प्रत्येक फेरीनंतर तापवायचा. चांदीला मंद लाली येते, ती लख्ख उजेडात दिसत नाही, म्हणून भट्टीचा कोपरा मुद्दाम अंधारा ठेवतात. लाली दिसली की थांबायचं, जास्त झालं तर चांदी वितळायलाच लागते. थंड करायचं, पुन्हा खुंटावर. असं किती वेळा, ते भांड्याच्या पोटावर अवलंबून. रुंद पोट आणि अरुंद तोंड असेल तर विचारू नका.

त्यात ९२५ चांदी म्हणजे साडेसात टक्के इतर धातू, बहुतेक तांबंच. तापवताना ते तांबं हवा धरतं आणि पृष्ठभागाखाली काळपट जांभळे डाग येतात. नक्षीच्या भांड्यात ते खपून जातात, उलट खाचांमध्ये काळसर दिसलेलं बरंच वाटतं. गुळगुळीत भांड्यावर तोच डाग चेहऱ्यावरच्या वांगासारखा दिसतो. तो घासून घासून काढावा लागतो.

आमच्या हंड्या-बंबांवर बारीक ठोक्यांच्या ओळी दिसतात ना, ते मठारकाम. त्याने पत्रा घट्ट होतो आणि दिसतोही छान. शिवाय एक ठोका हुकला तर शेजारचे चार सांभाळून घेतात. तुमच्या जगावर सांभाळून घ्यायला कोणी नाही. आधी मठारून सगळं एकसारखं करायचं, मग तेच ठोके कानशीने आणि पॉलिशने पुसून टाकायचे, तेही पत्रा कुठे पातळ न होऊ देता.

एक करून बघा. जगाच्या पोटावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाडा आणि जग हळू फिरवा. रेघ कुठे थरथरली तर तिथे हात हललाय.

सासूबाईंना सांगा, घडणावळ नक्षी न काढल्याची आहे.

निवांत_पाटील

मठारकर, लेखच लिहा की वेगळा. प्रतिसाद जपून ठेवला आहे.

उत्तरवारा

@मठारकर, आत्ता स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली करून बघितलं! रेघ पोटावरून तेलासारखी सरकते. फक्त मूठ जोडली आहे तिथे, खालच्या बाजूला, अर्ध्या नखाएवढ्या जागेत जराशी अडखळते. सासूबाई लगेच म्हणाल्या, "बघ, दोष आहेच."

काटकोन

मठारकरांनी हाताची बाजू सांगितली, मी जरा मागची गोष्ट सांगतो.

तुमच्या गावातलं मोठं नाव म्हणजे जॉर्ज जेन्सन. १८६६ चा जन्म, वडील सुऱ्यांच्या कारखान्यात धार लावायचे. पोरगा सोनारकाम शिकला, पण व्हायचं होतं शिल्पकार. शिल्पांनी पोट भरेना, मग १९०४ मध्ये ब्रेडगेडवर छोटं दुकान थाटलं. गंमत म्हणजे त्याची स्वतःची भांडी मुळीच सपाट नाहीत. झाकणावर कळ्या, मुठीवर द्राक्षं, आणि अंगावर हातोडीचे हलके ठोके मुद्दाम ठेवलेले. सासूबाईंना ती नक्की पटतील.

सपाट प्रकार आणला तो त्याचा जोडीदार योहान रोडे याने. हा मूळचा चित्रकार. त्याने १९२० मध्ये एका जगाचं चित्र काढलं, क्रमांक ४३२. सरळ वर गेलेला, नक्षी शून्य. हे फारच पुढचं आहे, लोक घेणार नाहीत, असं म्हणून पाच वर्षं तसंच पडून राहिलं. बाजारात आला १९२५ साली.

आणि तिसरा हेनिंग कॉपेल. हाही शिल्पकार. ज्यू असल्यामुळे युद्धात स्वीडनला पळावं लागलं, १९४५ मध्ये परतला आणि जेन्सनच्या कारखान्यात लागला, तेव्हा वय सत्तावीस. मातीत नमुने करायचा. त्याचा १९५२ चा जग, क्रमांक ९९२, बघाच. संपूर्ण भांडं म्हणजे एकच वळण, कुठे पोट संपतं आणि कुठे गळा सुरू होतो ते बोट ठेवून दाखवता येत नाही. डेन्मार्कमध्ये त्याला 'गरोदर बदक' म्हणतात.

खवट_काका

बदक गरोदर होत नाही. अंडी घालतं.

वाटीचमचा

काका, मग काय 'अंड्यावर आलेली बदकीण' म्हणायचं? त्या नावाने कोण विकत घेईल?

उत्तरवारा

@काटकोन, खूप आभार. एक सुधारणा, इथे जेन्सन म्हटलं तर कोणाला कळत नाही, येन्सन म्हणतात. आणि अजून एक गंमत. त्या दुकानदाराकडे काटे-चमच्यांचा एक संच होता, तो कोणाचा म्हणून सासूबाईंनी विचारलं. मी म्हटलं, "काय बोयसेन." त्या म्हणाल्या, "तेच विचारतेय, काय?" पुढची पाच मिनिटं फुकट गेली. माणसाचं नावच काय आहे हो.

काटकोन

हा हा! काय बोयसेन येन्सनकडेच शिकला, १९१० पर्यंत उमेदवारी केली. हे काटे-चमचे त्याने १९३८ साली काढले. १९५१ मध्ये मिलानच्या त्रैवार्षिक प्रदर्शनात ग्रां प्री मिळालं आणि तेच संचाचं नाव पडलं. पुढे पोलादात आले. पण आज लोक त्याला ओळखतात ते लाकडाच्या लोंबकळणाऱ्या माकडामुळे, तेही १९५१ चंच. शिकला चांदीकाम आणि नाव झालं माकडाने.

पंचगंगाकाठ

राम राम. आमचं गाव हुपरी. घरटी चांदीचा धंदा, पैंजण-घुंगरांत जन्म गेला. मठारकरांनी लिवलंय ते शंभर टक्के खरं, पण बाजाराचं गणित सांगतो.

आमच्याकडं गिऱ्हाईक पैंजण घेतानाच विचारतं, "मोडीला किती येणार?" म्हंजे घ्यायच्या आधीच मोडायचा हिशेब. चांदी ही अडीनडीची ठेव हाय. टंच (म्हंजे शुद्धता) काय, घट (तूट) किती, डाख (सांध्याचा जोड) किती लागलाय, एवढंच बघतात. तुमचा तो जग उद्या सराफाकडं नेला तर तो काय करणार? काट्यावर टाकणार, १६८ गुणिले भाव, वर थोडं कापणार. कोण तो बोयसेन का फोयसेन, मुशीत सगळ्यांचं एकच पाणी.

कारागिराला ग्रॅममागं मजुरी. सपाट काम करणाऱ्याला जास्त द्या म्हटलं तर व्यापारी हसतो. म्हनून सपाट काम कोण करत न्हाई.

निवांत_पाटील

"मुशीत सगळ्यांचं एकच पाणी." कडक.

काटकोन

@पंचगंगाकाठ, मोडीचा मुद्दा मान्य. पण तिकडे ही भांडी मोडीला जातच नाहीत, लिलावाला जातात. तळाचा ठसा बघून किंमत ठरते. येन्सनच्या मालावर टिंबांच्या लंबगोलात नाव असेल तर तो १९४५ नंतरचा, हे खरेदी करणाऱ्याला पाठ असतं. म्हणजे त्यांनीही ठेवच केली आहे, फक्त वजनाऐवजी ठशाची.

(आणि कोणी सुऱ्या घेणार असेल तर सावध. बहुतेक सुऱ्यांची मूठ चांदीची पण आतून पोकळ, आणि पातं पोलादाचं. सगळी सुरी काट्यावर टाकून हिशेब केलात तर फसाल.)

मठारकर

काटकोन, एक गोष्ट खटकली. तुम्ही लिहिलंत, कॉपेलचा जग. कॉपेलने माती थापली. हातोडी कोणी मारली? ते वळण पत्र्यातून ओढून आणणाऱ्याचं नाव तळाशी आहे का? नाही. कारखान्याचं आहे, चित्र काढणाऱ्याचं सगळीकडे छापून येतं, आणि ज्याचा खांदा गेला तो गायब. आमच्या आळीत निदान सगळेच निनावी होते.

काटकोन

बरोबर आहे. पण उलटंही बघा, कॉपेलला हातोडीची सवय नव्हती म्हणूनच तो असा आकार मागू शकला. खुंटावर बसणारा माणूस आधीच म्हणाला असता की हे निघत नाही.

मठारकर

निघत नाही असं म्हणतो आणि मग काढतो, त्यालाच कारागीर म्हणतात. गिऱ्हाईकाचा हट्ट असतो, कळा आम्ही सोसतो.

किटलीवाली

दोघं भांडताय म्हणून मध्ये पडते. दोन्ही करणारी एक बाई होऊन गेली: मारिआन ब्रांट. जर्मनीतल्या बाउहाउस या कला-डिझाइनच्या शाळेच्या धातू विभागात आली तेव्हा तिथे सगळे पुरुष. तिने नंतर लिहून ठेवलंय की सुरुवातीला तिला मुद्दाम कंटाळवाणी कामं द्यायचे, छोट्या छोट्या अर्ध्या वाट्या ठोकत बसायच्या. तिने त्या निमूट ठोकल्या. मग १९२४ मध्ये अर्ध्या वाटीचीच किटली केली! अर्धगोल पोट, खाली फुलीसारखा पाया, अर्धवर्तुळाची आबनुसाची मूठ, झाकण मधोमध न बसवता मागे सरकवलेलं, आत गाळणं. १९२८ मध्ये तीच त्या विभागाची काळजीवाहू प्रमुख झाली. तिची अशी एक किटली २००७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ३ लाख ६१ हजार डॉलरला गेली.

शाळेचं म्हणणं होतं की हे कारखान्यांसाठी नमुने आहेत, घराघरात जातील. या किटल्या मात्र हातानेच थोड्या झाल्या. साधेपणा गरिबांसाठी काढला आणि गेला कुठे, तर लिलावात.

वाटीचमचा

बघितली आत्ता. उंची फक्त सात-साडेसात सेंटिमीटर! आमच्या ह्यांचा एक कपही होणार नाही तिच्यात.

किटलीवाली

अहो, त्यात चहाचा कडक अर्क करायचा आणि कपात गरम पाणी घालून वाढायचा.

खवट_काका

म्हणजे गाडीवरचा 'पानी कम'. उगाच जर्मनीला गेलात.

राजवाडा_चौक

इंदूरहून नमस्कार. हे सगळं युरोपात आहे असं समजून चर्चा चाललीय, म्हणून आठवण करून देतो. आमचे यशवंतराव होळकर दुसरे तरुण वयात युरोपात राहिले आणि १९३० च्या सुमारास एकार्ट मुथेसिउस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग हा राजवाडा बांधून घेतला. त्याच्यासाठी पॅरिसच्या झाँ प्विफोर्काची चांदी मागवली होती. प्विफोर्का पिढीजात चांदीकार, पण डोकं भूमितीचं. गोल, शंकू, दंडगोल, सुवर्ण गुणोत्तर, आणि त्या प्रमाणात भांडं. म्हणजे मराठी घराच्या टेबलावर सपाट चांदी नव्वद वर्षांपूर्वी पोहोचली होती हो.

माणिकबागेतलं सामान १९८० मध्ये मोनॅकोला लिलावात गेलं. २०१९ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयाने यशवंतरावांच्या संग्रहावर मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा आमच्याकडच्या लोकांना कळलं की आपल्या गावात काय होतं. वाड्यात नंतर अबकारी खात्याचं कार्यालय आलं. लहानपणी मी वडिलांबरोबर तिथे कागद घेऊन गेलोय, मला आठवतो तो फक्त लोखंडी कपाटांचा वास.

निवांत_पाटील

अबकारी! मग तिथे चांदीचे पेले होते हे योग्यच.

शेवंताबाई

धाग्याला फाटा फोडते. मंडळी, स्वच्छ कशी करता? मी टूथपावडर लावते.

मठारकर

नक्षीच्या भांड्याला एकवेळ चालेल. गुळगुळीत भांड्याला अजिबात नको, बारीक चरे पडतात आणि चार दिवाळ्यांत आरशाचा पत्रा होतो. रिठ्याचं कोमट पाणी, मऊ कापड, आणि लगेच कोरडं करायचं.

किटलीवाली

अॅल्युमिनियमची फॉइल, खायचा सोडा, कढत पाणी. काळेपणा म्हणजे चांदी आणि गंधकाचं संयुग, ते गंधक अॅल्युमिनियम ओढून घेतं, चांदी जागच्या जागी राहते. पण मुद्दाम काळ्या ठेवलेल्या नक्षीला हे करू नका, सगळं पांढरं होईल. आणि लाकडी मूठ असेल तर भांडं बुडवू नका. रोज वापरणाऱ्यांनी अंडं, कांदा, लसूण, हिंग यांपासून लांब ठेवा, यांत गंधक असतं. मीठ तर रात्रभर ठेवूच नका, खड्डे पडतात.

वाटीचमचा

म्हणजे मराठी जेवणातलं वरण, आमटी, कोशिंबीर, चटणी सोडून काहीही वाढा.

काटकोन

काळं पडण्यावर एका इंग्रजाने छान तोड काढली, तीही चुकून. जेराल्ड बेनी. एका पेल्याचं काम करताना हातोडी तोंडाला खराब झालेली घेतली, चांदीवर झाडाच्या सालीसारखे वण उठले. ते पुसायच्या ऐवजी तीच त्याची ओळख झाली. बोटांचे ठसे दिसत नाहीत, काळपटपणाही लवकर नजरेत येत नाही.

मठारकर

झालं! फिरून मठारकामावरच आलात.

उत्तरवारा

बापरे, दोन दिवस आले नाही तर एवढी चर्चा. सगळ्यांचे प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवले. पंचगंगाकाठ यांचा दोनदा वाचायला लावला.

रविवारी पुरणपोळी होती. थंडी इतकी की तूप दगड झालेलं. मी मायक्रोवेव्हकडे निघाले तर सासूबाईंनी शांतपणे तूप त्या जगात भरलं आणि जग गरम पाण्याच्या पातेल्यात उभा केला. चांदीला ऊब लागायला वेळ लागतच नाही, बघता बघता कडेने तूप सुटलं. मग त्यांनी पोळीवर धार धरली, मनगट सरळ केलं, धार जागच्या जागी तुटली. चोचीखाली एक थेंब ओघळला नाही. त्यांनी बोट फिरवून बघितलं, कोरडं. पुन्हा धार, पुन्हा कोरडं. घरात जी तुपाची लोटी आहे, मोरपिसांच्या नक्षीची, तिच्याखाली कायम बशी ठेवावी लागते.

"हं," म्हणाल्या. "पण मूठ पोळते." ते खरं आहे. चोचीबद्दल मात्र नंतर एक शब्द नाही, फक्त जग आता त्यांच्या बाजूला असतो.

@पंचगंगाकाठ, एक निरोप आहे. परत गेल्यावर हुपरीत असाच एक करून मिळेल का, विचारतायत. हीच चोच हवी, वजन वीस भार चालेल. फक्त पोटावर एक छोटा मोर काढायचा.

पंचगंगाकाठ

फोटू आणि चोचीचं माप पाठवा, दोन्ही अंगानं. चोचीला येळ लागंल. मोराचं काय न्हाई, मोर घातला तर घडणावळ कमी लावतो.